प्रतिजैविके निकामी होत आहेत. एकदा नाल्याकडेही बघा

लघवीच्या मार्गाचा संसर्ग, नवजात बाळाच्या रक्तात झालेला जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेनंतर चिघळलेली जखम. हे आजार आपल्याला नवे नाहीत आणि त्यांच्यावरची औषधेही जुनीच आहेत. बदल झाला आहे तो लॅबमधून येणाऱ्या कल्चर रिपोर्टमध्ये. त्यावर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'रेझिस्टंट' असा शेरा दिसू लागला आहे. पूर्वी पाच दिवसांच्या गोळ्यांनी जे भागत होते, त्यासाठी आता रुग्णालयात भरती होऊन महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने अशा रिपोर्टचा अर्थ सरळ असतो : कर्ज, नाहीतर अर्धवट उपचार.

याला प्रतिजैविक-प्रतिरोध म्हणतात. 'द लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले.

या विषयावर सामान्य माणसाला आजवर एकच गोष्ट सांगितली गेली आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, घेतलेत तर ते सांगतील तसेच घ्या. सल्ला चांगला आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण तो अपुरा आहे. तो सगळा दोष रुग्णाच्या पदरात टाकतो आणि ज्यांच्याकडे गटारे, मलनिस्सारण, रुग्णालये आणि परवाने यांचा कारभार आहे, त्यांना मोकळे सोडतो. प्रतिरोध पसरण्याचा एक मोठा रस्ता आपल्या उपनगरांतल्या घरांच्या मागून वाहतो. त्या नाल्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही.

जनुके हातोहात कशी जातात

मुंबईकरांना औषध-प्रतिरोधाची ओळख झाली ती क्षयरोगामुळे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध असलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि २०१२ च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली. क्षयाच्या जंतूमध्ये प्रतिरोध येतो तो त्याच्या स्वतःच्या जनुकांत झालेल्या बदलांमुळे. तो बदल त्याच्या वंशात राहतो आणि खोकल्यातून, हवेतून माणसामाणसांत पसरतो. क्षयाचा जंतू आपले शस्त्र दुसऱ्या जातीच्या जंतूला देत नाही.

आपल्या आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जिवाणूंची रीत वेगळी आहे. त्यांच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी, सुटी वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषध निकामी करणारी जनुके पुष्कळदा या प्लाझ्मिडवर बसलेली असतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले, की एक जण प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो. त्यासाठी दोघे एकाच जातीचे असावे लागत नाहीत. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असली, तर ती सगळी एका व्यवहारात हस्तांतरित होतात. म्हणजे ज्या जिवाणूने एखादे औषध कधी पाहिलेलेही नाही, तोसुद्धा त्याविरुद्ध तयार होऊन बसतो.

या देवघेवीला सांडपाण्यासारखी जागा दुसरी नाही. तिथे हजारो घरांतून आणि रुग्णालयांतून आलेले जिवाणू दाटीने एकत्र येतात. त्यांना भरपूर खाद्य मिळते. पाइपांच्या आणि नाल्यांच्या भिंतींवर जो बुळबुळीत थर जमतो, त्यात ते एकमेकांना खेटून राहतात. शिवाय त्याच पाण्यात औषधांचे अंशही असतात, कारण आपण घेतलेल्या अनेक प्रतिजैविकांचा मोठा भाग शरीरात न मोडता लघवी-शौचावाटे बाहेर पडतो. हे अंश थोडे असले तरी पुरतात. साधा जिवाणू मागे पडतो आणि प्रतिरोधक जिवाणू तग धरतो. नाल्यात मिसळणारी तांबे, जस्त यांसारखी धातुद्रव्येही अशाच रीतीने प्रतिरोधाला हातभार लावू शकतात.

मुंबईतून मिळालेले इशारे

ही दूरच्या देशातली गोष्ट नाही. मार्च २०१० मध्ये हिंदुजा रुग्णालयातीलच डॉक्टरांनी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम गटातील औषधे ही गंभीर संसर्गात राखून ठेवलेली मोठी शस्त्रे मानली जातात. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात या औषधांना दाद न देणारे २४ जिवाणू-नमुने त्यांना सापडले होते. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ नावाचा घटक आढळला. कार्बापेनेम मोडून टाकणारे हे एक विकर आहे आणि ते बनवणारे जनुक प्लाझ्मिडवरून फिरते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'ने भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील नमुन्यांवरचा मोठा अभ्यास छापला. यानंतर चर्चा कशावर झाली? नावावर. एनडीएममधील 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. देशाची बदनामी होते, परदेशातून येणारे रुग्ण कमी होतील, यावर सरकारी पातळीवरून मोठा आक्षेप घेतला गेला. शहराचे नाव रोगाच्या कारणाला देऊ नये, हा आक्षेप गैर नव्हता. पण वादाचा सगळा जोर नावातच संपला आणि जनुक आपल्या वाटेने पुढे गेले.

२०११ मध्ये ते जनुक रुग्णालयाबाहेर कुठे आहे, हे दिसले. संशोधकांनी दिल्लीतील रस्त्यांवर साचलेल्या आणि ओघळणाऱ्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या दोन नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक मिळाले. ते ज्यांच्यात पोहोचले होते, त्यांत पटकीचा आणि एका प्रकारच्या हगवणीचा जंतूही होता. याच अभ्यासात असेही दिसले, की २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ही देवघेव अधिक होते. मुंबईत वर्षातील किती महिने तापमान याच्या जवळपास असते, हे वेगळे सांगायला नको.

पुण्यात खडकवासल्याच्या बाजूला मुठा नदीचा तळ तुलनेने स्वच्छ आहे. शहरातून बाहेर पडताना त्याच नदीच्या गाळात प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले दिसते, असे डॉ. नचिकेत मराठे आणि स्वीडनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. त्यांच्याच गटाने पुढे मुंबईतील एका रुग्णालयाच्या सांडपाण्याचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सांडपाण्यात कार्बापेनेम मोडणारी अनेक जनुके होती आणि त्यांत काही तर तोपर्यंत शास्त्राला माहीतच नसलेली होती.

इथे एक खुलासा केला पाहिजे. नाल्यातले अमुक जनुक तमुक रुग्णाच्या शरीरात गेले, असे प्रत्येक वेळी बोट ठेवून दाखवता येत नाही. रुग्णालयाच्या आतही प्रतिरोध पसरतो आणि एका माणसाच्या हातून दुसऱ्याकडेही जातो. म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पाण्याची वाट उघडी आहे, हे माहीत असताना ती तशीच ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

उपनगरांचे पाणी कुठून कुठे जाते

मुंबई उपनगरांचा नकाशा समोर ठेवा. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन निघालेली मिठी नदी मरोळ, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळते. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांतून निघून गोरेगाव-जोगेश्वरीमार्गे मालाडच्या खाडीत जाते. पोईसर आणि दहिसर या नद्या राष्ट्रीय उद्यानात उगम पावून कांदिवली, बोरिवली, दहिसर ओलांडतात. उगमाशी त्या नद्याच आहेत. वस्ती सुरू झाली, की त्यांना लोक नाला म्हणतात आणि लोकांचे काही चुकत नाही. घरांचे सांडपाणी, छोट्या कारखान्यांचे पाणी आणि तबेल्यांतील शेण-मूत्र त्यांतच सोडले जाते. जनावरांनाही प्रतिजैविके दिली जातात, त्यामुळे त्यांचे अंशही तिथेच पोहोचतात.

जे सांडपाणी मलवाहिन्यांतून जाते, त्याची स्थितीही फार बरी नव्हती. वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप येथे वर्षानुवर्षे हवा खेळवलेल्या उघड्या तळ्यांवर काम चालले. मालाडला तर जाळीतून कचरा आणि रेती वेगळी करण्यापलीकडे फारशी प्रक्रिया नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये आणि एकूण क्षमता दररोज २४६ कोटी लिटरहून थोडी अधिक. यात मालाडचा वाटा दररोज ४५.४ कोटी, घाटकोपरचा ३३.७ कोटी, भांडुपचा २१.५ कोटी आणि वर्सोव्याचा १८ कोटी लिटरचा आहे. ही केंद्रे हवीतच. त्यांना उशीर होऊ नये यासाठी नागरिकांनी पाठपुरावाही केला पाहिजे.

पण केंद्र झाले म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नये. चांगली प्रक्रिया जिवाणूंची संख्या खूप कमी करते. तरी जे उरतात, त्यांतही प्रतिरोधक जिवाणू असतात. काढलेल्या गाळात जनुके जमा होतात आणि तो गाळ कुठे टाकला जातो, यावर बरेच अवलंबून असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की केंद्रापर्यंत तेच पाणी पोहोचते, जे मलवाहिनीत पडते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. ज्या वस्तीला मलवाहिनीच जोडलेली नाही, तिच्यासाठी कितीही मोठे केंद्र बांधले तरी ते परगावीच आहे.

मग याचा पहिला फटका कोणाला बसतो, हे उघड आहे. पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळात नळाच्या पाइपमधला दाब उतरतो. पाइप नाल्यातून किंवा गटाराला लागून गेलेला असेल आणि त्याला बारीकशी चीर असेल, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना जे पाणी शुद्ध असते, ते गल्लीच्या शेवटच्या नळाला पोहोचेपर्यंत तसे राहीलच याची खात्री नसते. पावसाळ्यात तर नाला स्वतःच घरात येतो. गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून महापालिका डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते. तो सल्ला योग्य आहे, जीव वाचवणारा आहे. पण शहराचा निचरा नीट नसल्यामुळे निरोगी माणसांना प्रतिजैविक घ्यावे लागते, हेही त्यातून दिसते.

आणि दर उन्हाळ्यात नाल्यात उतरून गाळ काढणारे, मलवाहिन्या साफ करणारे कामगार? प्रतिरोधक जनुकांचा सगळ्यात दाट साठा ज्या गाळात असतो, त्यात ते उभे असतात. त्यांतले बहुतेक कंत्राटी आहेत आणि मोठ्या संख्येने दलित आहेत. त्यांच्या अंगावर धड हातमोजे आणि बूट नसतील, तर प्रतिरोधाविरुद्धच्या आपल्या सगळ्या गप्पा पोकळ आहेत.

गोळीइतकेच गटारही महत्त्वाचे

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या पुढाकाराने ६० देशांतील ७९ ठिकाणच्या शहरी सांडपाण्याची तपासणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. कोणत्या देशाच्या सांडपाण्यात प्रतिरोधक जनुके किती, याचा सर्वांत घट्ट संबंध दिसला तो तिथल्या स्वच्छता, आरोग्य आणि राहणीमानाशी. औषधांच्या वापराशी असलेला संबंध त्या मानाने कमकुवत होता. त्याआधी २०१८ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीवर झालेल्या आणखी एका अभ्यासाचा सूरही हाच होता. पायाभूत सुविधा आणि चांगला कारभार सुधारला, तर प्रतिरोध कमी होण्याची शक्यता अधिक.

याचा अर्थ औषधांचा बेफिकीर वापर चालेल, असा मुळीच नाही. २०१९ च्या खासगी विक्रीच्या आकडेवारीवरून झालेल्या अभ्यासात ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी आपल्या देशातील सर्वाधिक खपाचे प्रतिजैविक ठरली. सर्दी-तापात, जिथे बहुधा विषाणूच कारण असतो, तिथेही ती सर्रास दिली आणि मागितली जाते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' प्रमाणे त्या यादीतील प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याने त्यांची वेगळी नोंद ठेवायची असते. आपल्या गल्लीतल्या किती मेडिकलमध्ये ते रजिस्टर नीट भरले जाते, हे आपण सगळे जाणतो. तरीही गोळीवर बोलताना गटाराबद्दल मौन पाळायचे, ही सोय आता कोणालाही मिळता कामा नये.

नियमांतली पोकळी

रुग्णालयांच्या सांडपाण्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांत पाण्याचा सामू, तरंगते कण, तेल, जैविक ऑक्सिजनची गरज अशा मर्यादा दिल्या आहेत. एक मासोळीची कसोटीही आहे. प्रक्रिया केलेल्या निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. कसोटी उपयोगाची आहे. पण मासे आनंदाने पोहत असतील, तेव्हाच एनडीएमचे जनुकही त्या पाण्यात सुखरूप असू शकते. ते मोजण्याची सक्ती कोणावरही नाही.

औषध कारखान्यांच्या बाबतीत जे घडले, ते अधिक खटकणारे आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने एक मसुदा जाहीर केला. कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ प्रतिजैविकांचे अंश किती चालतील, याच्या मर्यादा त्यात होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. जुलै २०१९ मध्ये मात्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. कार्बापेनेम हरल्यावर डॉक्टरांच्या हाती जे उरते, त्यांतले ते एक औषध. म्हणजे इच्छा असेल तेव्हा निर्णय होतात.

मुंबईने हे आधी करून दाखवले आहे

सांडपाणी वाचणे या शहराला नवे नाही. २००१ मध्ये पोलिओच्या विषाणूसाठी देशातील सांडपाणी-तपासणीची सुरुवात मुंबईतच झाली. धारावीसारख्या वस्त्यांतून नमुने घेतले गेले आणि परळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. एकाही मुलाचा पाय लुळा पडण्याआधी विषाणू कुठे फिरतो आहे, हे नाला सांगत होता. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मशिदींतून आणि उलेमांच्या तोंडून डोसाचे आवाहन झाले, तेव्हा घराघरांतला संशय गळून पडायला मदत झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शास्त्र, महापालिका आणि मोहल्ला एकत्र आले, तर काय होते याचा हा आपल्याच डोळ्यांसमोरचा दाखला आहे.

तेच प्रतिरोधासाठी करायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक सोपी पद्धत आखून दिली आहे. माणूस, अन्नसाखळी आणि सांडपाणी या तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारचा प्रतिरोधक ई. कोलाय मोजायचा. त्यासाठी फार महागडी यंत्रे लागत नाहीत. म्हणून महापालिकेकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. उपनगरांतील उदंचन केंद्रे, प्रमुख नाले आणि मोठ्या रुग्णालयांचे निचरे यांची अशी तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे प्रभागवार जाहीर व्हावेत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाचे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र खरोखर चालते का, याची अचानक तपासणी व्हावी. मलवाहिनी नसलेल्या वस्त्यांना ती जोडण्याचे वेळापत्रक लेखी मिळावे आणि नाल्यातून गेलेले नळाचे पाइप बाहेर काढावेत. नाल्यात उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला सुरक्षा साधने आणि वैद्यकीय तपासणी मिळावी. १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा पुन्हा आणण्यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारावा.

मागणी करणाऱ्याने आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. आपल्या ट्रस्टांचे दवाखाने आहेत, मोफत तपासणी शिबिरे होतात. तिथे किती प्रतिजैविके लिहिली जातात, याची नोंद ठेवायला सुरुवात करू या. ताप आला की 'स्ट्राँग गोळी द्या' असा आग्रह आपण धरणार नाही आणि उरलेल्या गोळ्या संडासात टाकणार नाही. वुजूच्या पाण्याच्या पाकीबद्दल आपण जितके काटेकोर असतो, तितकेच आपल्या वस्तीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दलही असू या, कारण ते खालच्या अंगाला राहणाऱ्या कोणाच्या तरी दारातून जाते. पुढची वॉर्ड ऑफिसची बैठक असेल, तेव्हा रस्ता आणि दिव्यांच्या यादीत आणखी एक ओळ लिहा : आमच्या नाल्यात काय वाहते, ते मोजून सांगा. हे विचारण्याचा हक्क मुलुंडच्या सोसायटीला आहे, तितकाच साकीनाक्याच्या चाळीलाही आहे. उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न दोघांनी मिळून विचारत राहिले पाहिजे.